जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये रेसिंग फ्यूएल सेल: निवड, जागा, जोडणी आणि चुका

जुन्या स्पोर्ट्स कारची मूळ पेट्रोल टाकी म्हणजे पत्र्याचे दोन भाग प्रेसमध्ये दाबून कडेने जोडलेला डबा. एमजीबीमध्ये तो डिकीच्या फरशीखाली लटकतो, जुन्या पोर्शे ९११ मध्ये पुढच्या झाकणाखाली असतो. जोराची धडक बसली की पत्रा चेपतो. पेट्रोल मात्र दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे ते सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे कडेच्या जोडातून किंवा फिलरच्या, म्हणजे पेट्रोल भरायच्या, नळीपाशी, उसळून बाहेर येतं. १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेत आठवडाभराच्या आत अशा दोन भीषण आगी लागल्या. २४ मे रोजी शार्लटच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स भाजला आणि जुलैमध्ये गेला. ३० मे रोजी इंडियानापोलिस ५०० मध्ये एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडॉनल्ड यांचा जीव गेला. त्यानंतरच्या वर्षांत रबरी पिशवीची टाकी शर्यतींमध्ये रुजली आणि १९७० पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली. तिलाच रेसिंगमध्ये फ्यूएल सेल म्हणतात. हायड्रोजनपासून वीज तयार करणाऱ्या फ्यूएल सेलशी तिचा काही संबंध नाही.

बाजारात सेल तयार मिळतो, त्यामुळे हे एका दिवसाचं काम वाटतं. पण धडकेत उपयोग होईल की नाही हे ठरतं चौकट, व्हेंट (हवा जाण्या-येण्याची नळी), फिलर आणि ड्रायव्हर व सेल यांच्या मधल्या पत्र्याच्या पडद्यावर, आणि ते सगळं बसवणाऱ्याच्या हातात असतं. वाईट बसवलेला सेल मूळ टाकीपेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो, कारण मूळ टाकी बहुधा गाडीच्या बाहेरच्या बाजूला असते आणि सेल बऱ्याचदा डिकीत, म्हणजे ड्रायव्हरच्या हवेत येऊन बसतो.

आत काय असतं

सर्वांत आत ब्लॅडर: नायलॉन किंवा अ‍ॅरामिडच्या कापडावर पेट्रोलला दाद न देणारं रबर चढवून केलेली पिशवी. तिच्याभोवती स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा डबा. पिशवीत उघड्या छिद्रांचा, जाळीसारखा पॉलियुरेथेन फोम ठासून भरलेला. वरच्या तोंडावर बोल्टच्या कड्याने आवळलेली प्लेट. भरणं, उपसणं, हवा जाणं-येणं आणि मोजणं हे सगळं याच प्लेटमधून चालतं.

ब्लॅडर आणि डबा यांचं नातं टायर-ट्यूबसारखं आहे. ट्यूब हवा धरते, जोर टायर सोसतो. म्हणून ब्लॅडर डब्यापेक्षा किंचित मोठा असावा लागतो, म्हणजे पेट्रोलचा भार डब्याच्या भिंतींवर येतो. ब्लॅडर डब्यात तोकडा पडला की प्रत्येक हादऱ्याला त्याचे कोपरे ताणले जातात आणि काही हंगामांत तिथेच चीर पडते. डब्यासाठी स्टीलचा पत्रा साधारण ०.९ मिमी, अ‍ॅल्युमिनियमचा १.५ मिमी ही रूढ जाडी आहे. जड वाटला तरी स्टीलचा घ्यावा, असं आमचं मत. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याला वेल्डच्या कडेने तडे जातात आणि डबा चौकटीत बसलेला असताना ते दिसत नाहीत.

फोमची दोन कामं. पेट्रोलचं हिंदकळणं तो मंदावतो, आणि टाकीतल्या वाफेने पेट घेतलाच तर ज्वाला आत पसरू देत नाही. त्या बदल्यात दोन-तीन टक्के जागा खातो. हिंदकळणं मंदावतं असं म्हटलंय, थांबतं असं नाही. हा फरक पुढे महाग पडतो.

मानकांपैकी एफआयएची (मोटर रेसिंगचे नियम करणारी जागतिक संस्था) एफटी३-१९९९, एफटी३.५-१९९९ आणि एफटी५-१९९९ अशी चढत्या ताकदीची मालिका आहे. ज्या शर्यतीत उतरायचं तिचं नियमपुस्तक आधी वाचा आणि मगच सेल मागवा. ओतीव प्लॅस्टिकचे, आत ब्लॅडर नसलेले स्वस्त सेलही मिळतात. काही स्थानिक शर्यतींत ते चालतात, पण एफटी३ मागणारी तपासणी त्यांना पास करत नाही.

किती लिटरचा

पूर्ण थ्रॉटलवर चांगलं पेट्रोल इंजिन दर किलोवॅट-तासाला सुमारे ३०० ग्रॅम पेट्रोल पितं. १५० किलोवॅटचं, म्हणजे साधारण २०० हॉर्सपॉवरचं इंजिन धरलं तर ताशी ४५ किलो. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे ताशी ६० लिटर. ट्रॅकवर पाय सतत तळाला नसतो. सरासरी दोन-तृतीयांश धरली तर ताशी ४० लिटर. अर्ध्या तासाच्या शर्यतीला २० लिटर, त्यात वॉर्म-अपचा लॅप आणि तळाचं न उपसलं जाणारं पेट्रोल मिळवलं तरी ४५ लिटरचा सेल पुरून उरतो. मूळ टाकी ६० लिटरची होती म्हणून सेलही ६० चाच हवा, असं काही नाही.

४५ लिटर म्हणजे आतून ५०० × ४५० × २०० मिमी. बाहेरचं माप घेताना डब्याचा पत्रा, पट्ट्या, वरच्या प्लेटची फिटिंग्ज आणि त्यांतून वळणारे होज (लवचीक नळ्या) धरावे लागतात. उंचीत यांनाच सहज १०० मिमी जातात. आधी पुठ्ठ्याचा डबा करून गाडीत ठेवून बघा. डिकीचं झाकण बंद होतं का, स्प्रिंग पूर्ण दबल्यावर अ‍ॅक्सल तळाला लागतो का, हे त्यातूनच कळतं.

पिकअप कोरडा का पडतो

वळणात गाडीला १ जी, म्हणजे तिच्या वजनाइतका, आडवा जोर लागला की पेट्रोलचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. वरचाच सेल घ्या, ५०० मिमीची बाजू गाडीच्या रुंदीत ठेवलेला. ४५ अंशांत कललेलं पेट्रोल एका भिंतीला त्रिकोणी पाचरीसारखं साचतं. तळाच्या मधोमध, म्हणजे भिंतीपासून २५० मिमीवर पिकअप (पेट्रोल उपसणाऱ्या नळीचं तोंड) असेल, तर तिथपर्यंत पेट्रोल पोचायला सेल किमान ३० टक्के भरलेला हवा. याचा अर्थ, साडेतेरा लिटर शिल्लक असतानाही लांब वळणात पिकअप हवा ओढू शकतो. छोट्या वळणात फोम वेळ काढून देतो, पण तीन-चार सेकंदांच्या सलग वळणात पेट्रोल फोममधून झिरपत बाजूला जातंच.

कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट बाऊलमधला, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतला, साठा अशी एखाद-दुसरी गुचकी सांभाळून घेतो. इंजेक्शनला ही चैन नाही. दाब क्षणभर पडला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, आणि पातळ मिश्रणावर पूर्ण थ्रॉटल म्हणजे पिस्टन जळण्याची तयारी. उपाय दोन. एक, सेलच्या आत झडपांची पेटी: दोन-तीन लिटरची, चारही बाजूंना आतल्या दिशेनेच उघडणाऱ्या झडपा असलेली. पेट्रोल आत शिरतं, बाहेर पडू शकत नाही. दुसरा, बाहेर एक-दोन लिटरची सर्ज टाकी: कमी दाबाचा पंप ती सतत भरत ठेवतो, जास्त दाबाचा पंप तिच्या तळातून उपसतो आणि जादाचं पेट्रोल तिच्या माथ्यातून सेलमध्ये परततं. दुसऱ्या पद्धतीत एक पंप, एक भांडं आणि निदान चार सांधे वाढतात, म्हणजे गळतीच्या जागाही तेवढ्याच वाढतात. नवा सेल घेतच असाल तर पेटी आतच बसवून घ्या.

पेटी नसलेल्या सेलमध्ये पिकअप मागच्या बाजूला ठेवतात. वेग घेताना पेट्रोल मागे सरतं आणि इंजिनला सर्वाधिक पेट्रोल तेव्हाच लागतं. ब्रेक लावताना ते पुढे जातं, पण तेव्हा मागणीच नसते.

जुनी टाकी काढणं आणि चौकट

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेटते, आणि नुकत्याच उपसलेल्या टाकीत हवा शिरून तेच प्रमाण तयार होतं. टाकी, फिलरची नळी आणि पेट्रोलचे सगळे जुने पाइप गाडीबाहेर, दूर नेऊन ठेवल्याशिवाय ग्राइंडर किंवा वेल्डिंग मशीन चालू करू नका. बॅटरीची निगेटिव्ह तारही सोडवलेली हवी.

सेल बसवायची चांगली जागा म्हणजे चासीच्या दोन रेल्सच्या (लांब तुळयांच्या) मध्ये, मागच्या बंपरपासून जितकी आत नेता येईल तितकी, आणि तळ गाडीच्या सर्वांत खालच्या भागाच्या वर. एक्झॉस्ट जवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्र्याची आड, आणि तिच्या दोन्ही अंगांना हवा खेळेल एवढी फट.

आता भाराचा हिशेब. ४५ लिटर पेट्रोल ३४ किलोचं, डबा-ब्लॅडर-फिटिंग्ज मिळून आणखी १५ किलो धरा, एकूण ५० च्या आत. धडकेत २५ जी लागले तर चौकटीला क्षणभर साडेबाराशे किलोचा हिसका बसतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या डिकीच्या फरशीचा पत्रा, तोही आतून गंजलेला, हा हिसका झेलणार नाही. म्हणून चौकट रेल्सवरच घ्यायची. २५ मिमीची चौकोनी ट्यूब, भिंत २ मिमी. रेलवर जिथे टेकते तिथे ३ मिमी जाडीची भार पसरवणारी प्लेट. बोल्ट एम८ किंवा मोठे, ८.८ वर्गाचे. सेलवरून दोन्ही दिशांना दोन-दोन स्टीलच्या पट्ट्या, २५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड. पट्टी आणि डबा यांच्यामध्ये रबर, नाहीतर पट्टी डब्याला घासत घासत खाच पाडते. डब्याच्या कडेला भोकं पाडून तो थेट फरशीला बोल्ट करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. तिथे पूर्ण भार त्या भोकांच्या काठावर येतो.

ब्लॅडर आत घालणं

डब्याच्या आतून हात फिरवून बघा. वेल्डचा थेंब, कापलेल्या कडेची धार, रिव्हेटचं टोक, जे हाताला टोचेल ते ब्लॅडरलाही टोचणार. घासून गुळगुळीत करा, ब्रशने चुरा काढा. तळाला एक लहान भोक असू द्या. ब्लॅडर झिरपू लागला तर तिथून कळतं आणि मधली हवाही निघते.

थंड ब्लॅडर दुमडू नका. गार रबर घडीवर चिरतं, त्यामुळे आदल्या रात्रीपासून तो २० अंशांच्या वर ठेवा. बाहेरच्या अंगाला थोडी टाल्कम पावडर लावली की सरकतो. आत गेल्यावर कोपरे हाताने एकेक करून बसवा. एखादा कोपरा आत दुमडलेला राहिला तर दोन-तीन लिटर जागा तर जातेच, शिवाय ती घडी पुढे फाटते. फोमचे ठोकळे ज्या क्रमाने निघाले त्याच्या उलट क्रमाने आत जातात, म्हणून काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. नवा फोम कापायचा असेल तर लांब पात्याच्या धारदार सुरीने, सेलपासून लांब, आणि उरलेला चुरा व्हॅक्यूमने ओढून काढा. जो चुरा राहील तो पहिल्याच दिवशी फिल्टरमध्ये भेटतो.

प्लेटखाली नायट्राइलचं गॅस्केट पुरतं. वर सिलिकॉन सीलंट चोपडू नका; नेहमीचं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं आणि त्याचे तुकडे पिकअपच्या जाळीवर जाऊन चिकटतात. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत, उत्पादकाने दिलेल्या टॉर्कपर्यंत. जास्त आवळल्याने गॅस्केट बाहेर सरकतं आणि गळती वाढते.

नळ्या, व्हेंट, फिलर

होज आणि फिटिंग्जच्या मापाच्या एएन आकड्यांचा हिशेब सोपा आहे: आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. एएन-६ म्हणजे ३/८ इंच, एएन-८ म्हणजे अर्धा. वरच्या २०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला पुरवठ्यासाठी एएन-६ भरपूर झाली. या फिटिंगची गळती रोखतो तो ३७ अंशांचा शंकू, आटे नव्हेत. त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात काही अर्थ नाही, उलट तिच्या चिंध्या इंजेक्टरपर्यंत जातात. आट्यांवर तेलाचा एक थेंब पुरे.

होज शक्यतो आतून पीटीएफई (टेफ्लॉन) असलेला, बाहेर स्टीलची वीण. वीण असलेला रबरी होज बाहेरून तसाच दिसतो, पण काही वर्षांत त्यातून वाफ झिरपून केबिनमध्ये वास येऊ लागतो, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर लवकर. एफआयएच्या नियमांत पेट्रोलच्या लाइनला १३५ अंशांवर किमान ७० बारचा फुटण्याचा दाब मागितला आहे. केबिनमधून जाणारी लाइन अखंड ठेवा. सांधे पत्र्याच्या पडद्यावर, पत्र्यातून आरपार जाणाऱ्या बल्कहेड फिटिंगनेच.

व्हेंटकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. प्लेटवरून निघालेल्या व्हेंटमध्ये गाडी उलटल्यावर बंद होणारी झडप लागते. बहुतेक झडपांत स्टीलची गोळी असते आणि ती गुरुत्वाकर्षणावर चालते, म्हणून झडप उभीच बसवावी. तिरकी बसवली की गोळी वेळेवर बसत नाही. झडपेपुढची नळी सेलच्या माथ्यावरून विरुद्ध कडेला न्या, तिथून गाडीखाली सोडा. व्हेंट डावीकडून निघून डावीकडेच खाली गेला आणि गाडी डाव्या कुशीवर पडली, तर झडप अडकल्यास सगळं पेट्रोल त्याच नळीने रिकामं होतं. आडव्या फेऱ्यामुळे गाडी कशीही पडली तरी नळीचा एखादा भाग पेट्रोलच्या पातळीच्या वर राहतो. बाहेरचं टोक एक्झॉस्ट आणि ब्रेकपासून दूर.

व्हेंट चोंदला तर? दहा-पंधरा मिनिटं गाडी छान चालते, मग सरळ रस्त्यावर जोर कमी होत जातो, पंप किंचाळू लागतो, आणि थांबून झाकण उघडताच 'फुस्स' करून हवा आत जाते. पंप बदलण्याआधी ही खूण तपासा.

फिलर प्लेटवरच, डिकीत असेल तर काम सोपं. बाहेरच्या अंगावर न्यायचा असेल तर मधला होज लवचीक आणि पेट्रोलसाठीच बनवलेला हवा. जाड रेडिएटर होज आयता व्यासाला बसतो म्हणून वापरला जातो; तो पेट्रोलने फुगून मऊ पडतो. झाकण बिनव्हेंटचं, आणि होज तुटला तरी सेल बंद राहावा म्हणून प्लेटमध्येच फ्लॅप झडप. सेल काठोकाठ भरू नका. २० अंशांनी तापल्यावर ४५ लिटर पेट्रोल जवळपास एक लिटरने फुगतं आणि ते व्हेंटमधून जमिनीवर येतं.

पंप, वीज, पडदा

पेट्रोलचे विजेवरचे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. म्हणून पंप सेलजवळ आणि शक्य तितका खाली. त्याच्या आधी सुमारे १०० मायक्रॉनची जाळी, नंतर इंजेक्शनसाठी १० मायक्रॉनचा फिल्टर. बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावला की ओढण्याच्या बाजूला दाब घटतो, गरम पेट्रोलचे बुडबुडे होतात आणि पंप खडखडतो. वेबर डीसीओईसारख्या कार्ब्युरेटरला ०.२ ते ०.२५ बार दाब पुरतो. जास्त झाला की सुईची झडप उघडी राहून पेट्रोल ओतू जातं. साध्या इंजेक्शनला ३ बारच्या आसपास.

पंपाची वीज रिलेमार्फत, मध्ये धडकेने तुटणारा इनर्शिया स्विच, आणि गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या मुख्य किल स्विचने बंद होणारी. लेव्हल सेंडर (सेलमधली पातळी मोजणारा भाग) जुन्या गेजशी जुळवावा लागतो: काही अमेरिकी गेज रिकाम्याला ० आणि भरल्याला ९० ओहम वाचतात, काही २४० ते ३३, तर युरोपीय गेज बहुधा १० ते १८०. जुळला नाही तर काटा उलटा तरी चालतो किंवा मध्येच अडकतो.

फिलरचं तोंड, प्लेट आणि डबा तिन्ही चासीला तारेने जोडा आणि मल्टिमीटरने एक ओहमच्या आत असल्याचं पाहा. पेट्रोल ओतताना साचणारी स्थिर वीज जायला ही वाट लागते. रबरी होज मध्ये असला की फिलर चासीपासून तुटतो.

ड्रायव्हर आणि सेल यांच्यामध्ये पूर्ण धातूचा पडदा हवा. जुन्या कूपेमध्ये मागच्या सीटमागे नुसता पुठ्ठा आणि कापड असतं. पत्रा लावा, आणि वायरिंगच्या भोकांसकट प्रत्येक फट आगरोधक सीलंटने बुजवा. डिकीचा दिवा लावून केबिनमध्ये अंधारात बसलं की राहिलेल्या फटी लगेच दिसतात.

पहिली चाचणी

ब्लॅडर डब्यात आणि डबा पट्ट्यांत असतानाच गळती तपासा. व्हेंट बंद करून फक्त ०.०७ बार हवा, सांध्यांवर साबणाचं पाणी. एवढासा दाब वाटतो, पण ५०० × ४५० मिमीच्या माथ्यावर तो दीडशे किलोंहून जास्त जोर लावतो; कॉम्प्रेसरची नळी थेट लावली तर डबा फुगलाच समजा. पाण्याने चाचणी नको, फोममधलं पाणी पूर्ण निघत नाही.

मग पाच-पाच लिटरने भरा. दर टप्प्याला थांबून गेजचा आकडा लिहून घ्या, म्हणजे पुढे काट्यावर विश्वास ठेवता येईल. शेवटी ट्रॅकवर कमी पेट्रोलवर पेट्रोलचा दाब नोंदवा: १५ लिटर, मग १२, मग १०. लांब वळणात दाब जिथे पहिल्यांदा हलतो, तो आकडा तुमच्या सेलचा खरा तळ. पेट्रोल भरायचं गणित त्याच्या वरूनच करायचं.

एफआयएच्या नियमाप्रमाणे ब्लॅडरचं आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून ५ वर्षं. उत्पादकाने तपासून प्रमाणित केल्यास आणखी २ पर्यंत. ती तारीख तपासनीसाला दिसावी म्हणून डब्याच्या आवरणात अवजारानेच उघडणारं झाकण ठेवावं लागतं. चौकटीची पट्टी नेमकी लेबलवरून नेली तर दर तपासणीला सेल उतरवावा लागेल, तेव्हा पट्ट्यांची जागा ठरवतानाच हे बघा. वर्षातून एकदा प्लेट उघडून फोम चिमटीत दाबा. लगेच पूर्ववत झाला तर ठीक. चुरा झाला किंवा चिकट लागला तर त्याच दिवशी बदला आणि दोन्ही फिल्टरही बदला. इथेनॉलचं प्रमाण जास्त असलेलं पेट्रोल वापरत असाल तर त्याला चालणारा फोम मुद्दाम मागून घ्या, आणि हंगाम संपल्यावर सेल उपसून ठेवा.